स्टेअरिंग जड लागते

भांडण ऐकणं हीच माझी नोकरी होती म्हणा ना. रिटायर होईपर्यंत मी वीज कंपनीच्या तक्रार खिडकीवर बसले. खिडकीपलीकडचा प्रत्येक माणूस तापूनच यायचा. बिल एवढं काहून आलं, मीटर पळून राहिलं, लाईन सारखी जाऊन राहिली. माणूस कुठे आवाज चढवतो, कुठे ढिला पडतो, हे मला तिथे चांगलं कळलं. आणि आतल्या माणसाची ठरलेली उत्तरं तर मला तोंडपाठ होती. 'मीटर चेक केलं, त्यात काही फॉल्ट नाही,' हे वाक्य मी किती लोकांच्या तोंडावर फेकलं असेल, देव जाणे. म्हणून आमच्या घरात भांडायचं काम निघालं की ते आपसूक माझ्याकडे. दूधवाला असो, शेजारी असो की गाडीचं वर्कशॉप, आमचे हे म्हणायचे, "तू चाल माह्यासंगं. तुले बोलता येते."

ते बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यात मागांच्या मेन्टेनन्सला होते. मूळचे काटोलकडचे. इतकी वर्षं नागपुरात काढली, पण 'मले-तुले' काही सुटलं नाही, आणि मीही सोडवायला गेले नाही. हात असे, की घरात नळ गच्च बसला किंवा डब्याचं झाकण अडलं की पाना शोधायची पद्धतच नव्हती. त्यांना हाक मारायची. ते यायचे, नुसतं बघायचे, करकचून एक हिसका द्यायचे आणि काही न बोलता पेपर वाचायला परत जायचे. मला त्या हातांचा अभिमान होता. कधी बोलून दाखवला नाही, आमच्यात तशी रीत नव्हती.

पहिली गाडी आम्ही जुनी घेतली होती. तिचं स्टेअरिंग जागेवर फिरवायचं म्हणजे जात्यावर दळण. ती विकून नवी घेतली, तेव्हा शोरूममधल्या माणसाने आम्हाला समोर बसवून समजावलं. स्टेअरिंगच्या दांड्याला एक लहानशी विजेची मोटर असते. तुम्ही चाक थोडं वळवलं की तुमचा जोर किती आहे ते ती ओळखते आणि उरलेला जोर स्वतः लावते. यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे मी नुसता हात ठेवाचा अन् मेहनत त्यानं कराची? असा माणूस आमच्या खात्यात असता तर मी त्याले घरी पाठवला असता." शोरूमवाला कसनुसा हसला. पण आठवडाभरात ह्याच माणसाला त्या मोटरचं वेड लागलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला गाडीत बसवायचे आणि एका बोटाने चाक गरगर फिरवून दाखवायचे. मी म्हटलं, आता बारशाचं आमंत्रण द्या लोकांना.

एक जुनी खोड मात्र त्यांनी नव्या गाडीतही सोडली नाही. आमच्या गल्लीला किराणा दुकानापासून उतार आहे. तिथे आले की ते इंजिन बंद करायचे, उतारावरून गाडी तशीच गडगडत आणायचे आणि डावीकडे वळवून फाटकातून आत घालायचे. पेट्रोल वाचतं म्हणे. थेंबभर वाचत असेल, पण सवय ती सवय. आता इंजिन बंद झालं की ती मोटरही बंद होते आणि इतका वेळ लोण्यासारखं फिरणारं स्टेअरिंग दगड होतं. त्यांना त्यातच मजा यायची. मनगटाच्या एका झटक्यात गाडी आत. "मोटर झोपली, पण मी जागा हाय," असं म्हणून उतरायचे. वर्षानुवर्षं हा खेळ चालला. एकदाही फाटकाला साधा ओरखडा आला नाही.

मग एका संध्याकाळी, दिवाळी होऊन बाजारात संत्री यायला लागली होती तेव्हा, धाडकन आवाज आला. मी पोळ्या सोडून धावले. गाडी फाटकाच्या खांबाला भिडली होती, एक दिवा फुटला होता. हे आत बसून होते, दोन्ही हात स्टेअरिंगवर. लागलं नव्हतं कुठे. मी खिडकीशी गेले तर माझ्याकडे न बघता म्हणाले, "वळलंच नाही वं. स्टेअरिंग जड झालं."

झालं. माझ्या अंगात आलं. दुसऱ्याच दिवशी त्यांना घेऊन वर्कशॉपला गेले. तिथला सर्व्हिस ॲडव्हायझर चाळिशीचा, टक्कल पडत आलेला, चष्म्यावरून बघणारा. बिचारा शांतपणे सांगू लागला, की चालत्या गाडीचं इंजिन बंद केलं तर स्टेअरिंग जड होणारच, सरांनी तसं करू नये. मी म्हटलं, थांबा. माणूस तोच, गाडी तीच, उतार तोच, फाटक तेच. इतकी वर्षं इंजिन बंद करूनच वळवत होते आणि गाडी वळत होती. आता वळत नाही. म्हणजे काहीतरी बदललं ना? मग काय बदललं ते तुम्ही शोधा.  आजूबाजूचे चार लोक माझ्या बाजूने माना डोलवायला लागले. मुद्दा बिनतोडच होता माझा. फक्त बदललं ते गाडीतलंच, हे मी धरून चालले होते.

त्यानंतर यांनी उतारावर इंजिन बंद करणं सोडलं. मला वाटलं, मिटलं. पण थोड्या दिवसांनी पुन्हा तेच. बर्डीच्या बाजारात गाडी लावताना स्टेअरिंग जड लागते, यू-टर्नला जड लागते. आणि आता तर इंजिन चालू असताना. आम्ही पुन्हा वर्कशॉपला. त्यांनी कॉम्प्युटर जोडला, चाकांतली हवा बघितली, एक फेरी मारून आले. "मोटर व्यवस्थित आहे, मॅडम. काही फॉल्ट नाही." माझंच वाक्य माझ्या तोंडावर! मला ते उत्तर आतून माहीत होतं. तपासायचा कंटाळा आला की हेच म्हणतात. मी मॅनेजरला बोलावलं, लेखी द्या म्हटलं, असा आवाज लावला की दारावरचा वॉचमन आत डोकावून गेला. हे सगळं चाललेलं असताना हे मागे प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून माझ्याकडे बघत होते. चेहऱ्यावर असं काही समाधान, की जणू त्यांच्यासाठी मी आरती म्हणून राहिले.

असं होता होता वर्कशॉपच्या बऱ्याच वाऱ्या झाल्या. एका वारीला तो ॲडव्हायझर कंटाळून, हसत हसत बोलून गेला, "मॅडम, नाचता येईना अंगण वाकडं, असं तर नाही ना?" मी त्याला उभा सोलला. माझा नवरा आख्खे माग खोलून जोडतो, तू त्यांना गाडी शिकवतो का रे, असं अरे-तुरे करून बोलले. तो बिचारा चष्मा पुसत राहिला. परत येताना हे गाडीत एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, माझं अरे-तुरे आवडलं नसेल.

घरात त्याच दिवसांत काही काही होऊन राहिलं होतं. संत्रं सोलताना ते नखाने साल धरायचे आणि मग माझ्यापुढे सारायचे, सोलून दे म्हणून. शर्टाच्या वरच्या बटणापाशी खूप वेळ लागायचा. गॅसचं सिलिंडर शेजारच्याला सांगून आत घेतलं. मी म्हणायचे, रिटायरमेंट जवळ आली तर आत्तापासूनच लाड सुरू का? ते हसायचे. साठीला आलेला माणूस, दिवसभर लोखंडाशी झटतो, दुखत असतील हात. कोणालाही असंच वाटलं असतं.

मी गाडी शिकले होते, लायसनही होतं, पण हात कधी लावला नव्हता. माझी आपली स्कूटर. एके दिवशी हे कंपनीच्या बसने बुटीबोरीला गेलेले, आणि शेजारी बोअरवेलची गाडी आली. ती आत घ्यायची तर आमची गाडी हलवणं भाग होतं. चावी घेऊन मी बसले. देवाचं नाव घेतलं, इंजिन चालू केलं आणि स्टेअरिंगला हात घातला, आता हे जड धूड आपल्याच्याने कसलं फिरतं असं म्हणत. ते फिरलं. एका हाताने फिरलं. मी दुसऱ्या बाजूला फिरवलं, तरी तसंच. मला आधी आनंदच झाला हो, बाप्पा, किती हलकं! मग आठवलं, यांना हेच जड लागत होतं.

गाडी कोपऱ्यावर नेऊन उभी केली. इंजिन बंद केलं, चावी तशीच ठेवली, आणि दोन्ही हातांनी जोर लावून बघितला. जड होतं, पण वळलं. खिडकीत बसून म्हातारी झालेली बाई मी, माझ्या हाताने वळलं. म्हणजे इतके महिने गाडी खरंच चांगली होती. तो टकल्या खरं बोलत होता. बदललं होतं ते दुसरंच. मी तिथे स्टेअरिंगवर डोकं टेकून रडले. बोअरवेलवाल्याला वाटलं, मला गाडी मागे घेता येत नाही, म्हणून तो मदतीला धावत आला.

त्यांना काही सांगितलं नाही. नुसतं म्हटलं, हात दुखतात ना तुमचे, चला दाखवून येऊ. दवाखान्याचं नाव काढलं की ज्यांना कारखान्यातलं काम आठवायचं, ते मुकाट्याने चपला घालून निघाले. रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी आपली बोटं त्यांच्या मुठीत दिली आणि दाबा म्हणाले. यांनी दाबली. मी डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्यांना दाब जाणवलेला दिसत नव्हता. मग तपासण्या झाल्या, सुया टोचून नसा बघितल्या, आणि शेवटी डॉक्टरांनी आम्हाला दोघांनाही बसवून सरळ सांगितलं. मेंदूचा हुकूम हातापायांपर्यंत नेणाऱ्या नसा मरत चालल्या आहेत. स्नायू सुकत जातील. आधी हात, मग पाय, मग बोलणं, गिळणं. औषधाने थोडा वेळ मिळतो, पण बरं होत नाही. पंखा फिरत होता, बाहेर कोणाचा तरी नंबर पुकारत होते, आणि यांनी एकच प्रश्न विचारला, "गाडी चालवता येईन का, डॉक्टरसाहेब?"

डॉक्टर नाही म्हणाले.

घरी आल्यावर त्यांनी वाद घातला. आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्याशी भांडले आणि मला भांडता येईना. म्हणाले, स्टेअरिंगला मोटर हाय ना, मग माहे हात कायले पाहिजे, बोटावर चालते ते. मी म्हटलं, एखादं पोरगं सायकल घेऊन आडवं आलं तर? ऐन वेळी चाक ओढायला जोर लागतोच. मोटर काय सगळं करते का? ते म्हणाले, "आजवर कोणाले लागलं काय माह्या हातून?" नव्हतं लागलं. तरी मी चावी काढून घेतली. ठेवली कुठे, तर तांदळाच्या डब्यात. कारण त्या डब्याचं झाकण आता त्यांना उघडत नव्हतं. हे मला ठाऊक होतं आणि मला ठाऊक आहे हे त्यांनाही कळलं. बरेच दिवस ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. मी स्वयंपाकघरात तोंड धुण्याच्या निमित्ताने रडून घ्यायचे.

मग गाडी मी चालवायला लागले. आठवड्यातून काही वेळा धरमपेठेत व्यायामाला न्यावं लागायचं. ते डाव्या सीटवर. सुरुवातीला सूचनांनी जीव नकोसा केला. ब्रेक पाय ठेवून ठेवून घासू नको, आरशात पाह्य, तो ऑटोवाला थांबणार नाही, त्याले जाऊ दे. हाताने दाखवायचे. पुढे हात मांडीवरून उचलेनासा झाला, तेव्हा हनुवटीने दाखवायला लागले. मला वळण घेताना दोन्ही हातांनी चाक आवळायची सवय, तर म्हणायचे, सोड सोड, अशी कायले धरतं, पळून जाते काय ते. त्यांचे हात मांडीवर तळवे वर करून पडलेले असायचे. मी शक्यतो तिकडे बघायचे नाही.

एकदा शंकरनगरच्या सिग्नलला उभे होतो. उन्हाळा लागला होता, सिग्नल सुटायचं नाव घेत नव्हता. ते समोर बघत एकदम म्हणाले, "मले पैलेच समजलं होतं."

मी विचारलं, काय?

"हातातलं. फाटकाले ठोकली त्याच्याही आधी. कारखान्यात पाना सुटे हातातून."

मागच्या गाड्यांनी हॉर्न लावले. सिग्नल सुटला होता. मी गाडी कशीबशी बाजूला घेतली आणि लावली. माझा राग उफाळून आला, खरं सांगते. इतक्या वाऱ्या, इतका तमाशा, त्या माणसाला मी काय काय बोलले. म्हटलं, "मग माझ्याबरोबर त्या वर्कशॉपला काहून येत होते? सांगायचं होतं ना सरळ!"

 त्यांचं बोलणंही तोवर जरा जड झालं होतं, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखे बोलायचे.

"तू त्याइच्याशी भांडे ना," ते म्हणाले, "तवा मले बरं वाटे. वाटे, गाडीच बिघडली असन. तू किती जोरानं म्हणे. मलेही खरं वाटे थोडं."

 शेजारून बस गेली, ऑटो गेले. त्यांना घाम आला होता, तो मी पदराने पुसला आणि गाडी चालू केली.  घरापर्यंत मनात एकच येत होतं, की मला हे आधी माहीत असतं तर मी आणखी जोराने भांडले असते. रोज गेले असते.

पुढचं सगळं डॉक्टर म्हणाले होते त्याच क्रमाने झालं. पाय गेले. पलंग समोरच्या खोलीत खिडकीपाशी आणला, म्हणजे त्यांना फाटक आणि गाडी दिसेल. आमची मुलगी रायपूरहून येऊन-जाऊन राहायची. मग बोलणं गेलं. डोळे राहिले. डोळ्यांनी ते सगळं विचारायचे आणि मला सगळं कळायचं, इतकी वर्षं शब्दांनी तरी आम्ही किती बोललो होतो?

गाडीची सर्व्हिसिंग निघाली. मला घर सोडून जाता येत नव्हतं म्हणून फोन केला, तर तो ॲडव्हायझर स्वतःच गाडी न्यायला आला. यांच्या आजाराचं त्याला कुठून तरी कळलं असावं. फाटकाशी उभा राहिला, मान खाली घालून, आणि नेहमीचा प्रश्न विचारला, गाडीची काही तक्रार आहे का, मॅडम. मी नाही म्हणणार होते. तेवढ्यात खिडकीकडे नजर गेली. हे माझ्याकडे बघत होते.

मी सुरू केलं. म्हटलं, तक्रार? स्टेअरिंग इतकं जड झालंय की माणसाचे हात गळून पडतील. तुम्ही लोक नुसता कॉम्प्युटर लावता आणि फॉल्ट नाही म्हणता. माझ्या नवऱ्याइतकं मशीन तुमच्यात कोणाला कळतं का? त्यांनी सांगितलं जड आहे, म्हणजे आहे. समोरच्या घरातली बाई गॅलरीत आली. मी थांबले नाही. सगळा आवाज काढला, खिडकीवरच्या नोकरीतही कधी काढला नसेल एवढा. तो माणूस तोंड उघडून काहीतरी बोलणार होता. मग त्यानेही खिडकीकडे पाहिलं आणि चष्मा काढून हातात घेतला. माझं संपेपर्यंत तो तसाच ऐकत उभा राहिला, आणि शेवटी मोठ्याने म्हणाला, नीट तपासतो, मॅडम. गाडी घेऊन गेला. मी आत आले आणि त्यांची उशी सरळ केली.

संध्याकाळी मी त्यांना चमच्याने पेज भरवत होते, तेव्हा त्याचा फोन आला. हळू आवाजात म्हणाला, सगळं तपासलं मॅडम, मोटर, दांडा, चाकं, गाडी एकदम चांगली आहे. मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. यांचे डोळे माझ्यावर होते. काय म्हणाला, असं विचारत होते. उत्तर त्यांना माझ्याआधीपासून माहीत होतं.

मी त्यांच्या ओठाजवळची पेज पुसली आणि म्हटलं, "गाडीच बिघडली होती म्हणतो. तुमच्या हातांना काही झालेलं नाही."